नवजात रेडकांचा जंत व चिकाविषयींचा गैरसमज

दोन वर्षांपूर्वीं आमच्या मंडळाच्या एका बैठकींत दुभत्या जनावरांविषयीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग आला असतां, रेडकांच्या पोटांत जे लांबलांब पांढरे जंत होतात ते आईच्या दुधांतून येतात, असें मीं ओघांत सांगितलें. वेळ थोडा होता व पुढचे वक्ते खोळंबले होते. म्हणून तो विषय तेवढ्यावरच सोडून मी वैरणीच्या विषयाकडे वळलों. पुढें महिन्याभरानें शेजारच्या मळ्यांतील म्हैस व्याली. चांगली धडधाकट पारडी झाली होती. पांचव्या दिवशीं ती मेल्याचें कानीं आलें म्हणून मी चौकशीस गेलों. घरधनीण म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच सांगितलं होतंत ना, दुधांत किडा असतो म्हणून? तीन दिवस चिकाचा थेंबसुद्धां लागूं दिला नाहीं तिला. गाईचं दूध पाजलं, पाणी घालून." या बोलण्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं सांगितलेली गोष्ट खरी होती. पण ती अर्धी होती, आणि त्या अर्ध्या गोष्टीनें एक पारडी गेली. उरलेली अर्धी सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

म्हशीचा व्यवहार ज्यांच्या हातांतून गेला आहे त्यांना रेडकाची किंमत निराळी सांगावयास नको. आपल्याकडील म्हैस, मग ती पंढरपुरी असो, मराठवाडी असो कीं नागपुरी असो, रेडकूं पुढें असल्याखेरीज सहसा मोकळेपणीं पान्हा सोडीत नाहीं. रेडकूं मेलें म्हणजे ती ओरडते, दूध चोरते, आणि कित्येकदां थोड्याच दिवसांत आटूं लागते. मग कोणी मेलेल्या रेडकाचें कातडें पेंढ्यानें भरून तिच्यापुढें उभें करतो, तर कोणी धारेच्या अगोदर पान्ह्याची सुई टोंचतो. आणि ही दुसरी खोड एकदां लागली म्हणजे जनावराचे हाल संपत नाहींत. पारडी गेली तर तीन-चार वर्षांनीं दावणीस येणारी म्हैस गेली. रेडा झाला तर त्याला कोणी विचारीत नाहीं, हें खरें. परंतु ज्याला रेडा नको असतो त्यालाही त्याच्या आईचें दूध हवें असतें, एवढें तरी त्यानें लक्षांत घ्यावें.

पहिल्या तीन महिन्यांत रेडकें दगावण्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं जें कारण सर्वांत स्वस्तांत टाळतां येण्याजोगें आहे आणि तरीही टाळलें जात नाहीं, तें म्हणजे हा जंत होय. त्याचें शास्त्रीय नांव टॉक्सोकारा व्हिट्युलोरम. जुन्या पुस्तकांत तो निओअॅस्कॅरिस या नांवानेंही आढळतो. व्हिट्युलस म्हणजे लॅटिन भाषेंत वांसरूं. तेव्हां 'वांसराचा जंत' असा या भारदस्त नांवाचा साधा अर्थ आहे. 1782 सालीं गोएझे या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचें प्रथम वर्णन केलें. पूर्ण वाढलेली मादी 30 सेंटिमीटरपर्यंत लांब असते व नर तिच्याहून कांहींसा आंखूड असतो. रंग पांढुरका, अंग मऊ व थोडेंसें पारदर्शक, दोन्ही टोंकें निमुळतीं. उष्ण प्रदेशांत जेथें जेथें म्हशी व गाई आहेत तेथें तो सर्वत्र आहे. गाईच्या वांसरांनाही तो होतो, परंतु रेडकांना त्याचा उपद्रव विशेष.

या जंताविषयींची चमत्कारिक गोष्ट अशी कीं, तो लहान रेडकाच्या आंतड्यांत ढिगानें सांपडतो, पण मोठ्या म्हशीच्या आंतड्यांत जवळजवळ सांपडतच नाहीं. शिवाय ज्या रेडकाच्या तोंडांत अद्याप गवताची काडी गेलेली नाहीं, त्याच्याही शेणांत तिसऱ्या-चवथ्या आठवड्यांत या जंताचीं अंडीं दिसूं लागतात. मग तो आला कोठून? आपल्याकडील जुनीं माणसें म्हणत आलीं कीं, रेडकूं तो आईच्या पोटांतूनच घेऊन येतें. या म्हणण्याला अडाणीपणा म्हणून हंसण्याचें कारण नाहीं, कारण शास्त्रज्ञांचेंही पुष्कळ काळपर्यंत तेंच मत होतें. गर्भावस्थेंतच नाळेच्या वाटेनें अळी रेडकांत उतरते आणि हा रोग जन्मजात आहे, असें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या ग्रंथांत लिहिलेलें आढळतें. डोळ्यांसमोर जें दिसत होतें त्यावरून दुसरें अनुमान निघण्यासारखें नव्हतें.

खरा प्रकार उलगडण्यास बराच काळ लागला. 1971 सालीं ऑस्ट्रेलियांत वॉरेन यांनीं या जंताच्या प्रवासाविषयीं जीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं त्यांवरून, अळी वांसराच्या पोटांत जाते ती मुख्यतः आईच्या दुधावाटें, हें पुढें आलें. त्यानंतर श्रीलंकेंतील म्हशींवर रॉबर्ट्स यांनीं काम केलें. व्याल्यानंतर किती दिवस म्हशीच्या दुधांत ही अळी उतरत राहते याचा त्यांनीं छडा लावला, आणि 1989 सालीं त्यावरून रेडकाला औषध केव्हां द्यावें याचा काळ ठरवून दिला. त्या काळाकडे आपण पुढें येणारच आहोंत.

आतां सर्व साखळी अशी आहे. जंत झालेल्या रेडकाच्या शेणांतून अंडीं बाहेर पडतात. तीं इतकीं कीं, चिमूटभर शेणांत हजारोंनीं सांपडावीं. ऊब व ओल मिळाल्यास सुमारें दोन आठवड्यांत अंड्याच्या आंत अळी तयार होते. असें अंडें वैरणीबरोबर, पाण्याबरोबर किंवा जमीन चाटतां चाटतां मोठ्या म्हशीच्या पोटांत जातें. तेथें तें फुटतें व अळी आंतड्याची भिंत भेदून यकृत, फुप्फुसें, मूत्रपिंड, स्नायू यांत जाऊन बसते. तेथें ती वाढत नाहीं, मरतही नाहीं. पेरणी होऊन पावसाची वाट पाहणाऱ्या बियाण्याप्रमाणें नुसती पडून राहते. म्हशीला त्याची कांहींच बाधा नसते. परंतु म्हैस व्यावयास आली म्हणजे तिच्या शरीरांत जे फरक होतात त्यांबरोबर ही अळी जागी होते, कासेंत उतरते, आणि चिकांतून व पहिल्या आठ-दहा दिवसांच्या दुधांतून रेडकाच्या पोटांत जाते. रेडकाच्या पोटांत गेल्यावर तिला मग दुसरीकडे कोठें भटकावें लागत नाहीं. ती तेथेंच आंतड्यांत वाढते, आणि तीन ते चार आठवड्यांत पूर्ण जंत होऊन अंडीं घालूं लागते. पुढें रेडकूं चार-पांच महिन्यांचें होईपर्यंत जगलें, तर हे जंत बहुधा आपोआप पडून जातात. "जगलें तें जगलें, मग त्याला कांहीं होत नाहीं," असा जो आपल्याकडील अनुभव आहे त्याचें कारण हें. पण तोंपर्यंत खुंटलेली वाढ कांहीं भरून येत नाहीं. अशी पारडी माजावर उशिरा येते व गाभणही उशिरा राहते.

म्हणजे अळी चिकांतून येते, ही गोष्ट निर्विवाद आहे. मग चीक न पाजणें हा सरळ उपाय नव्हे काय? माझ्या शेजाऱ्यांनीं केला तो हाच विचार, आणि वरवर पाहतां तो चुकीचा वाटत नाहीं. तो चुकीचा कां आहे हें नीट समजून घेतलें पाहिजे.

मनुष्याच्या मुलाला आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें पोटांत असतांनाच नाळेवाटें मिळतात. गाई-म्हशींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या वारेची घडण अशी असते कीं, हीं द्रव्यें तिच्यांतून पलीकडे जाऊं शकत नाहींत. म्हणून रेडकूं जन्मतें तें रोगाशीं झुंजण्याच्या बाबतींत अगदीं निःशस्त्र असतें. आईनें आयुष्यभर गोठ्यांतील ज्या ज्या रोगजंतूंशीं सामना करून जी शक्ति मिळविली, ती सगळी तिनें चिकांत सांठवून ठेवलेली असते. चीक दाट व पिवळसर दिसतो तो उगाच नव्हे. आणि ही शक्ति घेण्याची रेडकाची मुदतही फार थोडी असते. जन्मल्यानंतर पहिल्या कांहीं तासांत त्याच्या आंतड्याची भिंत हीं द्रव्यें जशींच्या तशीं रक्तांत घेते. मग तीं दारें एकेक करून मिटूं लागतात, आणि एक दिवस उलटला म्हणजे जवळजवळ बंद होतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं हंडाभर चीक पाजला तरी त्याचें अन्न होईल, संरक्षण होणार नाहीं. चीक न मिळालेलें रेडकूं बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांतच पांढऱ्या हगवणीनें, नाळ पिकून किंवा फुप्फुसें सुजून मरतें. जंत तर त्याच्या पोटांत अजून सुतळीएवढाही झालेला नसतो. जो शत्रु महिन्यानें दाराशीं येणार त्याच्या भीतीनें आजच घराच्या भिंती पाडण्यासारखें हें आहे.

तेव्हां दोन गोष्टी ताजव्यांत घालून पाहाव्या. चिकाबरोबर आलेला जंत थोडक्या खर्चाच्या औषधानें पडून जातो. चिकाच्या अभावीं आलेलें दुबळेपण मात्र कोणत्याही औषधानें भरून येत नाहीं. म्हणून चीक पाजलाच पाहिजे, लौकर पाजला पाहिजे, आणि पोटभर पाजला पाहिजे. रेडकाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसांत त्याच्या पोटांत जावा, असें प्रमाण आहे. रेडकूं 30 किलो वजनाचें असेल तर 3 लिटर. त्यांतील पहिला वांटा जन्मल्यापासून तासा-दोन तासांत, आणि एकंदर निम्मा तरी पहिल्या सहा तासांत गेला पाहिजे. उठतां येत नसेल तर पिळून बाटलीनें किंवा बोटाच्या आधारानें वाटींतून पाजावा.

येथें दुसरी एक वाईट चाल सांगणें प्राप्त आहे. वार पडेपर्यंत रेडकाला कासेस लावूं नये, अशी पुष्कळ घरीं समजूत आहे. वार पडण्यास कधीं कधीं आठ-दहा तास लागतात, कधीं ती अडकून बसते. आणि तितका वेळ रेडकूं उपाशी राहून त्याची अमोल मुदत निघून जाते. वास्तविक रेडकूं कासेस ढुसण्या देऊं लागलें म्हणजे वार पडण्यास मदतच होते. तसेंच खरवसाचें. म्हैस व्याली कीं शेजारींपाजारीं चीक वांटण्याची आपली रीत गोड आहे व ती मोडावी असें मी म्हणत नाहीं. परंतु रेडकाचा वांटा अगोदर मोजून बाजूला काढावा आणि मग उरेल त्याचा खरवस करावा. आमच्या घरींसुद्धां हा क्रम पुष्कळ वर्षें उलटा होता.

आतां निदानाकडे वळूं. जंत झालेलें रेडकूं ओळखण्यास फारशी विद्या लागत नाहीं. दूध पिऊनही तें वाढत नाहीं. पोट मडक्यासारखें सुटतें व फांसळ्या मोजतां येतात. केंस राठ व उभे राहतात. शेण कधीं घट्ट, कधीं पातळ होतें, आणि पातळ होतें तेव्हां तें मातकट किंवा पांढुरकें, चिकट व अतिशय दुर्गंधीचें असतें. रेडकूं माती व भिंती चाटतें. पोटांत कळ आली म्हणजे मागील पाय झाडतें, पोटाकडे वळून पाहतें. डोळ्याची खालची पापणी उलटून पाहिली तर लाल दिसण्याऐवजीं फिकी दिसते. आणखी एक खूण आहे, ती पुस्तकांत वाचली तेव्हां मला खरी वाटली नव्हती: रेडकाच्या श्वासाला खवट लोण्यासारखा आंबूस वास येतो. पुढें स्वतः नाक जवळ नेऊन पाहिलें तेव्हां खात्री पटली. जंत फार झाले तर ते एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा आंतड्यांत अडकतो, शेण बंद होतें, पोट फुगतें, क्वचित् आंतडें फाटतें. आणि मग रेडकूं हातीं लागत नाहीं.

परंतु प्रत्येक हगवण जंताची नव्हे, हें विसरतां कामा नये. पहिल्या आठवड्यांत लागणारी पाण्यासारखी किंवा पांढरी हगवण बहुधा निराळ्या सूक्ष्म जंतूंची असते; त्या वयांत जंत अजून मोठाच झालेला नसतो, तेव्हां तेथें जंताचें औषध देऊन वेळ दवडूं नये. तीन आठवड्यांनंतर शेणांत रक्त व शेंबूड पडूं लागल्यास कॉक्सिडिया नांवाच्या अतिसूक्ष्म परोपजीवीचा संशय घ्यावा. त्याचें औषध वेगळें असतें. एकदम फार दूध पाजल्यानेंही शेण पातळ होतें, मात्र तेव्हां रेडकूं हुशार असतें. खरा निवाडा होतो तो सूक्ष्मदर्शकाखालीं. ताजें शेण स्वच्छ डबींत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावें. मिठाच्या संपृक्त पाण्यांत तें कालवलें म्हणजे अंडीं हलकीं असल्यामुळें वर तरंगतात व कांचेवर घेऊन पाहतां येतात. या जंताचें अंडें बहुतेक गोल, जाड कवचाचें असून कवचावर बारीक खांचा असतात. एकदां पाहिलें म्हणजे विसरत नाहीं.

पण या परीक्षेंत एक फसवणूक आहे, आणि माझ्या मतें या सर्व विषयांतील महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. अंडीं दिसतात तीं जंत पूर्ण वाढल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांच्या पुढें. पंधराव्या दिवशीं शेण तपासून "कांहीं नाहीं" असें उत्तर आलें, तर त्याचा अर्थ पोटांत जंत नाहीं असा होत नाहीं. तो अजून अंड्यावर आलेला नाहीं एवढाच होतो. आणि लक्षणें दिसेपर्यंत थांबावें, तर तोंवर रेडकाची नासाडी झालेली असते व गोठ्यांत लाखों अंडीं पडलेलीं असतात. म्हणून या रोगांत निदान करून मग औषध, हा नेहमींचा क्रम सोडावा लागतो. येथें पंचांग पाहून औषध द्यावयाचें. श्रीलंकेंतील त्या अभ्यासावरून ठरलेला काळ म्हणजे जन्मापासून 10 व्या ते 16 व्या दिवसांमधील कोणताही एक दिवस. दहा दिवसांच्या आंत दिलें तर मागाहून दुधांतून येणाऱ्या अळ्या सुटतात; सोळा दिवसांच्या पुढें जावें तों तों जंत मोठा होत जातो. या खिडकींत दिलेली एक मात्रा बहुतेक सर्व कच्चे जंत काढून टाकते.

औषधें अनेक आहेत. पायपेराझिन हें जुनें, स्वस्त व लहान रेडकांस मानवणारें औषध आहे. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोस 200 ते 250 मिलिग्रॅम, म्हणजे 30 किलोच्या रेडकास 6 ते 7½ ग्रॅम पडते. त्यानें जंताचे स्नायू लुळे पडतात, आंतड्याला धरून राहण्याची त्याची शक्ति जाते, व तो शेणाबरोबर वाहून बाहेर येतो. फेनबेंडाझोल दर किलोस सुमारें 7½ मिलिग्रॅम या प्रमाणांत देतात. पायरँटेल हेंही चांगलें. निरनिराळ्या कारखान्यांच्या बाटल्यांत औषधाची तीव्रता निरनिराळी असते. म्हणून "शेजाऱ्यानें दोन झांकणें दिलीं" एवढ्यावर न जातां बाटलीवरील प्रमाण पशुवैद्यकाकडून समजून घ्यावें. वजन अंदाजानें धरूं नये. घरांत माणसाचें वजन करण्याचा कांटा असला तर रेडकाला उचलून त्यावर उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहावें, आणि वजाबाकी करावी; मुलें हें काम हौसेनें करतात. औषध पाजतांना रेडकाचें तोंड फार वर करूं नये. मान जमिनीला समांतर किंवा किंचित् वर ठेवून गालाच्या कोपऱ्यांतून थोडें थोडें सोडावें, आणि ठसका लागला तर लगेच थांबावें. औषध फुप्फुसांत जाऊन मेलेलीं रेडकें जंतानें मेलीं असें समजलें जातें.

एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेवतों. बाराव्या दिवशीं औषध दिलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं शेणांत वीतवीतभर जंत पडलेले दिसतील अशी अपेक्षा करूं नये. त्या वयांत ते फार लहान असतात व शेणांत सहसा नजरेस पडत नाहींत. "कांहींच पडलें नाहीं, औषध फुकट गेलें," असें म्हणून पुढच्या वेताला औषध न देणारे शेतकरी मला भेटले आहेत. वास्तविक मोठे जंत पडलेले दिसले तर आपण उशीर केला असें समजावें.

ज्या रेडकाला अगोदरच फार जंत झालेले आहेत व जें अशक्त झालें आहे, त्याला घरच्या घरीं औषध न देतां पशुवैद्यकास दाखवावें. एकाच वेळीं लुळे पडलेले पुष्कळ मोठे जंत आंतड्यांत अडकण्याचा धोका असतो, आणि हगवणीनें सुकलेल्या रेडकाला अगोदर पाणी, मीठ व साखर यांचें बळ द्यावें लागतें. पहिल्या मात्रेनंतर महिन्याच्या अंतरानें सहा महिन्यांपर्यंत पुन्हा औषध देण्याचा जो प्रघात आहे तो पावसाळी व ओलसर भागांत इतर जंतांसाठींही उपयोगी आहे. कोरड्या भागांत शेण तपासून तें ठरविलें तर खर्च वांचेल.

जुन्या उपायांविषयीं थोडेंसें. पळसाचें बीं व वावडिंग हीं जंतावर देण्याची वहिवाट फार जुनी आहे, आणि त्यांत कांहीं गुण नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु बियांची जात, जुनेपणा व कुटण्याची रीत यांप्रमाणें त्यांचा जोर बदलतो. बारा दिवसांच्या जिवावर तो अंदाज करीत बसणें शहाणपणाचें नाहीं. तंबाखूचें पाणी व मोरचूद हे दोन उपाय मात्र सर्वस्वीं टाकून द्यावेत. त्यांनीं जंत मरो न मरो, रेडकूं मरण्याची खात्री अधिक.

म्हशीलाच व्यावयाच्या आधीं औषध पाजून अळ्या मारतां येणार नाहींत काय, असा प्रश्न विचारला जातो. मांसांत व यकृतांत दडून बसलेल्या या अळीवर नेहमींच्या जंतनाशकांचा भरंवशाचा परिणाम होत नाहीं. शिवाय अल्बेंडाझोलसारखीं औषधें गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत देणें गर्भाला घातक ठरूं शकतें. तेव्हां जो पैसा खर्चावयाचा तो रेडकावर खर्चावा.

राहिली शेणाची व्यवस्था. वरील साखळी पाहिली म्हणजे ध्यानांत येईल कीं, गोठ्यांत अंडीं पसरविणारें जनावर म्हैस नव्हे, तर तीन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतचें रेडकूं होय. म्हणून रेडकांचें शेण निराळें गोळा करून खड्ड्यांत पुरावें किंवा खताच्या ढिगाच्या पोटांत, जेथें उष्णता धरते तेथें, टांकावें. या अंड्याचें कवच इतकें चिवट असतें कीं ओलसर सावलींत तें महिनोन् महिने तग धरतें. परंतु कडक ऊन, कोरडेपणा व कुजणाऱ्या खताची ऊब त्याला सोसत नाहीं. रेडकांची जागा आपण नेहमीं गोठ्याच्या अंधाऱ्या, ओल्या कोपऱ्यांत करतों. ती जंताच्या सोयीची होते. ती उन्हाच्या बाजूस करावी, खालीं कोरडा पालापाचोळा घालून तो वरचेवर बदलावा. रेडकांच्या जागेचें धुणें लसूणघासाच्या किंवा हत्तीगवताच्या वाफ्यांत सोडण्याची सोय पुष्कळांनीं केलेली असते. खत म्हणून ती छान दिसते, पण तोच हिरवा चारा गाभण म्हशीला घातला जातो, आणि पुढील वेताचा जंत आपण आपल्या हातानें तिच्या दावणींत टांकतों. तें पाणी ऊंसाला किंवा फळझाडांना सोडावें.

माझ्या शेजाऱ्यांची ती म्हैस यंदा पुन्हा व्याली. पारडीच झाली. रात्रीचे दोन वाजले होते आणि वार अजून लोंबत होती, तरी घरधनिणीनें कंदील धरून पारडीला कासेस लावलें, व गोठ्याच्या चौकटीवर कोळशानें तारीख लिहून तिच्याखालीं बारा रेघा ओढून ठेवल्या. रोज सकाळीं धार काढून झाली कीं त्यांतील एक रेघ पुसावयाची. शेवटची रेघ पुसली त्या दिवशीं तिचा मुलगा मला बोलवावयास आला. आम्ही वजन करून औषध पाजलें. पारडी आतां अडीच महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यांत तिचें शेण दवाखान्यांत तपासून घेतलें. त्यांत या जंताचें अंडें सांपडलें नाहीं. खरवसाची वाटी या खेपेस आमच्या घरीं आली ती चवथ्या दिवशीं आली, आणि खरवस बराच सैल होता.